सीटला तेल पाजू नकोस

सातारा,
रविवार सकाळ

प्रिय नंद्या,

फोटो मिळाले. चारही मोठे करकरून बघितले, मग हिला दाखवले. ती म्हणाली, "सुरण वाळवलाय का?" तुझ्या मामांच्या सायकलच्या सीटची तब्येत यावरून तुझ्या लक्षात यावी. तरी इतकं बिघडलेलं नाही. फोनवर सांगितलं असतं, पण तू फोनवर अर्धं ऐकतोस आणि उरलेलं स्वतःच्या मनाने करतोस, म्हणून लिहून पाठवतोय.

आधी ती खोबरेलची बाटली फडताळात परत ठेव. "रोज चोळतोय, कातडं मस्त पितंय" असं तू मोठ्या कौतुकाने कळवलंयस. पिणारच रे. बाबांच्या सीटनेही असंच प्यायलं होतं. ते गेल्यावर दोन वर्षांनी मी त्यांची सायकल माळ्यावरून उतरवली. सीट कडक झालेली, म्हणून आठ दिवस गच्चीवर उन्हात ठेवून सकाळ-संध्याकाळ तेल चोपडलं. नवव्या दिवशी टांग मारून बसलो तर मधलं कातडं झोळीसारखं खाली गेलं आणि खालची दांडी नको तिथे लागली. मग मी शहाणपणा केला: पुढच्या नाकाखालचा, कातडं ताणणारा बोल्ट पान्याने जितका आवळता येईल तितका आवळला. पुढच्या रिवेटपाशी बोटाच्या पेराएवढी चीर गेली. सीटला चाळीस वर्षांत जे झालं नव्हतं, ते मी नऊ दिवसांत करून दाखवलं.

असं का होतं ते नंतर कळलं. या सीटमध्ये फोम नाही, काथ्या नाही, काही नाही. पाचेक मिलिमीटर जाडीचं कातडं मागच्या पत्र्यापासून पुढच्या नाकापर्यंत ताणून रिवेटांनी ठोकलेलं असतं, बस. नवारीची खाट आठव. नवार ताठ आहे तोवर पाठीला सुख, सैल पडली की माणूस खड्ड्यात. कातड्याचे तंतू एकमेकांना धरून असतात म्हणून ते तुझं वजन पेलतं. फार तेल गेलं की ते एकमेकांवरून घसरायला लागतात. चपलेला मऊपणा चालतो. सीटला जेवढा लागतो तेवढा ती बसणाऱ्याच्या बुडाखाली स्वतःच कमावते.

मला हे सगळं शिकवलं आमच्या पेठेतल्या, कोल्हापुरी चपला शिवणाऱ्या काकांनी. सीट हातात घेतली, उलटी केली, नखाने कडा खरवडली आणि म्हणाले, "हे साल-हिरड्याचं आहे." कापलेली कडा आरपार तपकिरी दिसली म्हणजे कातडं बाभळीच्या सालीसारख्या झाडपाल्यावर कमावलेलं, आतून निळसर-राखाडी दिसली तर क्रोमच्या रसायनावर. आपल्या अस्सल कोल्हापुरी याच पहिल्या जातीच्या, त्यामुळे विलायती सीट त्यांना परकी वाटली नाही. रिवेटांभोवती काळी वर्तुळं होती. मला वाटलं कुजलं. काका हसले, "कुजलं नाही, शाई झालीय." हिरडा आणि हिराकस मिळून काळी शाई करायचे ना, तोच प्रकार: कातड्यातलं तुरट द्रव्य आणि गंजलेलं लोखंड, मध्ये पावसाचं पाणी. तुझ्या तिसऱ्या फोटोत तीच वर्तुळं आहेत. डाग जाणार नाही आणि घालवायच्या मागेही लागू नकोस.

आता तुझ्याकडचं काम. मामांनी वर्षानुवर्षं रेक्झिनचं कव्हर घालून ठेवलं, त्याने ऊन लागलं नाही हे बरं झालं, पण चिपळूणच्या पावसाळ्यात आत वाफ कोंडून बुरशी धरली. कव्हर फेकून दे. अंगणात नाकाला रुमाल बांधून कोरड्या ब्रशने बुरशी झाड. मग पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं करून, त्यात पिळलेल्या फडक्याने वरून-खालून पूस. भिजवायचं नाही, पुसायचं. सावलीत, वारा लागेल तिथे दोन दिवस राहू दे. उन्हात नाही, चुलीपाशी नाही. ओलं कातडं तापलं की आकसतं आणि लाकूड होतं.

वाळल्यावर खालची बाजू अंगठ्याने घास. बोटाला लालसर भुकटी लागली तर मात्र कातड्याचा जीव गेला. त्याला औषध नाही, मग भिंतीवर टांग. फोटोवरून तरी मला तसं वाटत नाही.

स्प्रिंगांचा गंज तारेच्या ब्रशने काढ, नाकाखालच्या बोल्टला रॉकेलचे दोन थेंब दे आणि रात्रभर ठेव. रॉकेल कातड्याला लागता कामा नये, मध्ये चिंधी धर. बोल्ट फिरायला लागला की पाव फेरा आवळ. अर्धा नाही. मग पन्नासेक किलोमीटर चालवून बघ. खरं तर बोल्टला हात न लावता भागलं तर उत्तमच.

बाजूचे पदर बाहेर फाकलेत, त्याला उपाय आहे. काकांनी माझ्या सीटच्या दोन्ही पदरांना खालच्या कडेला सहा-सहा भोकं पाडली, कातडं पाण्याने नुसतं ओलावलं, आणि बुटाची नाडी पोटाखालून झिगझॅग ओवून पदर आत ओढून घेतले. आत वर्तमानपत्राचे बोळे. पाच दिवस कोनाड्यात. सहाव्या दिवशी झोळी निम्म्याहून जास्त वर आली होती. नाडी तशीच राहू दिली. वरून दिसत नाही.

शेवटी मेण. बाजारात या सीटसाठी मलम मिळतं, त्यात गुरांची चरबी असते. मी घरी करायला गेलो तर चरबी वितळवायला या घरात गॅस मिळणार नाही असं बजावण्यात आलं. म्हणून मधमाश्यांचं मेण एक भाग आणि एरंडेल दोन भाग, गरम पाण्याच्या पातेल्यात डबा ठेवून वितळवलं. जवसाचं तेल नको, ते स्वतःच वाळून कडक होतं. खालची बाजू कच्ची असते, तिला आधी आणि जरा सढळ हाताने लाव. वर अगदी पातळ. रात्रभर ठेवून सकाळी जुन्या बनियनने घासून काढ. वर्षातून दोनदा बस झालं: एकदा मृगाआधी, एकदा दसऱ्याला सायकलला हार घालतोस तेव्हा.

मागच्या पत्र्यावर ब्रुक्स वाचता येतंय, म्हणजे चीज करण्याजोगा माल आहे. त्या ब्रुक्ससाहेबाची गोष्ट गमतीची आहे. बर्मिंगहॅममध्ये 1866 साली घोड्यांचा साज आणि चामड्याच्या वस्तू करायला लागला. 1878 साली घोडा मेला, दुसरा परवडेना, म्हणून उसनी सायकल घेतली. तिची सीट इतकी टोचली की स्वतःच करायला बसला आणि 1882 साली पेटंट घेतलं. बर्मिंगहॅमजवळ स्मेथविकला त्या अजून बनतात.

एक गोष्ट मात्र काकांनी मला विचारली, ती तुलाही विचारतो. बाबा वायरमन, पक्कड-पान्यांची पिशवी कायम डाव्या खांद्याला, त्यामुळे तोल साधायला उजवीकडे कलून बसायचे. सीटचा उजवा खळगा डाव्यापेक्षा चांगलाच खोल आहे. काका म्हणाले, "पुन्हा ओलं करून सपाट करू?" मी नको म्हणालो. आता बारा-पंधरा किलोमीटर झाले की माझं उजवं ढुंगण बोंबलतं, आणि ही विचारते की मिळवलंस काय. तेव्हा मामांचा खळगा तुला ठेवायचा आहे की नाही हे कातडं ओलं करण्याआधी ठरव.

दिवाळीत येतोस तेव्हा सीट घेऊन ये, काकांना दाखवू. एसटीत प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधू नकोस, पुन्हा घाम धरेल. उशीच्या जुन्या अभ्र्यात गुंडाळ. आणि मामींना विचारल्याशिवाय अभ्रा घेऊ नकोस.

तुझा,
अव्या