वाडीवाडीत भोंगा हवा

महोदय,

मोठा आवाज करून फोनच्या पडद्यावर उमटणाऱ्या आपत्तीच्या संदेशाच्या चाचण्या 2023 मध्ये झाल्या. टॉवरच्या टापूतील सर्व फोनवर, कोणाचा क्रमांक ठाऊक नसतानाही, एकाच वेळी इशारा पोहोचवणारी ही ‘सेल ब्रॉडकास्ट’ पद्धत स्वागतार्ह आहे. मात्र कोकणात केवळ तिच्यावर विसंबणे धोक्याचे आहे, कारण ज्या पावसात इशाऱ्याची गरज असते त्याच पावसात येथे आधी वीज जाते आणि टॉवरची बॅटरी उतरली की रेंजही जाते.

3 जून 2020 रोजी ‘निसर्ग’ वादळ आले तेव्हा हवामान खात्याचा अंदाज वेळेत मिळाल्याने किनाऱ्यावरची माणसे आधीच हलवता आली. पण त्यानंतर श्रीवर्धन, दापोली, मंडणगड परिसरातील अनेक गावांचा संपर्क कित्येक दिवस तुटलेला होता. 22 जुलै 2021 रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळुणात शिरले तेव्हाही फोन लागत नव्हते आणि त्याच दिवशी महाड तालुक्यातील तळिये येथे दरड कोसळली. तिवरे धरण 2 जुलै 2019 रोजी रात्री फुटले. अशा वेळी धरणाखालच्या वाडीच्या हाती काही मिनिटेच असतात.

म्हणून नदीकाठच्या, दरडप्रवण आणि धरणाखालच्या प्रत्येक वाडीत सौर बॅटरीवर चालणारा भोंगा बसवावा, आणि तोही बिघडल्यास हाताने फिरवायचा भोंगा पोलीस पाटलांकडे असावा. बंदरावर धोक्याचा बावटा चढला की मच्छीमारांना त्याचा अर्थ विचारावा लागत नाही. भोंग्याचेही तसेच व्हायचे तर दरवर्षी मे महिन्यातच त्याची रंगीत तालीम घ्यायला हवी. ‘जिल्ह्यात रेड अलर्ट’ एवढ्याने वाडीतल्या म्हातारीला काय कळणार? कोणत्या वाटेने निघायचे आणि कोणत्या शाळेत जमायचे, हे तिला आधीच ठाऊक असले पाहिजे.

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न भोंगा वाजवण्याच्या अधिकाराचा आहे. डोंगराला गेलेली भेग किंवा पऱ्याचे, म्हणजे ओढ्याचे, एकाएकी गढूळ झालेले पाणी सर्वप्रथम गावकऱ्यांनाच दिसते. तहसील कार्यालयाशी संपर्क तुटलेला असताना वरून आदेश येण्याची वाट पाहत बसावे लागू नये, यासाठी पोलीस पाटील व सरपंच यांना स्वतःच्या जबाबदारीवर भोंगा वाजवण्याची मुभा जिल्हा प्रशासनाने यंदाच्या पावसाळ्यापूर्वी लेखी द्यावी.

आपला विश्वासू,
एक वाचक, ता. दापोली, जि. रत्नागिरी