आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र: आम्हाला प्रत्येकाला स्वतःचा पासवर्ड द्या

मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य,
सविनय नमस्कार.

नागपुरातल्या एका रुग्णालयात नोंदणीच्या खिडकीवर मी नऊ वर्षे कंत्राटी डेटा एंट्री ऑपरेटर म्हणून काम करते. गडचिरोली, गोंदिया, पार बालाघाटहून रात्रभर प्रवास करून आलेली माणसं सकाळी आठपासून चिठ्ठीसाठी आमच्यासमोर उभी असतात.

या खिडकीवर पाळीपाळीने आम्ही अकरा जण बसतो. लॉगिन मात्र एकच आहे. पासवर्ड मॉनिटरच्या कडेला चिकटपट्टीने लावलेला आहे. मी रुजू झाले तेव्हाही हाच होता. नोकरी सोडून गेलेल्यांनाही तो पाठ आहे. उद्या कुणी एखाद्या रुग्णाची माहिती बाहेर दिली, तर ती कुणी उघडली होती हे कधीच कळणार नाही, आणि संशय अकराही जणांवर येईल.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. एक बाई पुढची तारीख विचारायला आली. तिची नोंद उघडून मी प्रिंटरमध्ये अडकलेला कागद काढायला उठले. स्क्रीनचं तोंड रांगेकडे होतं. मागे उभा असलेला माणूस तिच्याच गावचा निघाला आणि 'एआरटी केंद्र' (एचआयव्हीबाधितांना औषधोपचार देणारं केंद्र) हे शब्द त्याने वाचले. पुढच्या महिन्यात ती तोंडाला पदर बांधून आली. "मॅडम, माझं नाव दुसऱ्या गावच्या दवाखान्यात करून द्या नं," एवढंच म्हणाली. एचआयव्हीबाधितांची माहिती गुप्त ठेवण्याचं बंधन २०१७ च्या कायद्याने घातलेलं आहे. ते आमच्या खिडकीपर्यंत पोचलंच नव्हतं. विंडोजचं बटण आणि एल एकत्र दाबलं की स्क्रीन लॉक होते, हे मला त्यानंतर माझ्या भाच्याने शिकवलं.

साहेब, कर्मचारी बेफिकीर आहेत असं कृपया समजू नका. नवीन लॉगिनसाठी अर्ज केला की महिने जातात, आणि संगणक इतका संथ की दर वेळी पासवर्ड टाकत बसलं तर रांग फाटकाबाहेर जाते. म्हणून पासवर्ड भिंतीवर येतो. नुसतं परिपत्रक काढून हे थांबणार नाही. बोट टेकवून दोन सेकंदांत उघडणारं, ज्याचं त्याचं लॉगिन द्या. काम सोडणाऱ्याचं त्याच दिवशी बंद करा. स्क्रीन भिंतीकडे वळवायला तर पैसेही लागत नाहीत. रिपोर्टचे फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतात, तेही पाठवायची दुसरी सोय नाही म्हणूनच.

२३ नोव्हेंबर २०२२ ला दिल्लीच्या एम्सचे सर्व्हर सायबर हल्ल्यात बंद पडले आणि देशातल्या सर्वांत मोठ्या रुग्णालयांपैकी एकाला कित्येक दिवस कागदावर काम करावं लागलं. आमच्याकडे बॅकअपची हार्ड डिस्क त्याच संगणकाला कायम जोडलेली असते. हल्ला झाला तर मूळ नोंदीबरोबर तीही जाईल. ती काढून कपाटात कुलपात ठेवायला हवी, आणि तिच्यातून नोंदी खरंच परत येतात का, हे मधूनमधून तपासायलाही हवं.

सुरक्षेत कुचराई झाली तर २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. पण त्या बाईचं गावात जे व्हायचं ते होऊन गेलं.

हिवाळी अधिवेशनासाठी आपण नागपुरात याल, तेव्हा एका सकाळी दहा वाजता, कुणालाही न कळवता, शहरातल्या कोणत्याही नोंदणी खिडकीसमोर रांगेत उभे राहा. समोरच्या स्क्रीनवर किती वाचता येतं ते पाहा आणि मग आदेश काढा.

आपली नम्र,
नोंदणी खिडकीवरची एक कर्मचारी, नागपूर