विषय : ओल्या कचऱ्याचा खतखड्डा पुन्हा सुरू करण्याबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष,
आपली सहकारी गृहनिर्माण संस्था,
मुलुंड (पूर्व), मुंबई.

महोदय,

स. न. वि. वि.

इमारतीमागचा खतखड्डा समितीने बुजवला आणि वर लाद्याही बसवल्या. याबाबत मी तोंडी विचारले, लेखी कळवले, सचिवांना जिन्यात गाठून आठवणही दिली. तरी समाधानकारक उत्तर न आल्यामुळे हे पत्र लिहिणे भाग पडले आहे.

पहिल्या मजल्यावरील एका सभासदांना वास येतो, एवढेच कारण सांगण्यात आले. ओल्या कचऱ्यावर सुक्या पाल्याचा थर देऊन तो अधूनमधून वरखाली केला, तर हवा खेळती राहते आणि दोन-अडीच महिन्यांत भुसभुशीत खत तयार होते. हवा कोंडली की मात्र तो सडतो आणि दुर्गंधी सुटते. तक्रार झाली त्या सकाळी सफाई कामगाराने माझ्यासमोर खड्ड्यातली एक गाठ मारलेली काळी पिशवी फोडली. तीत कोळंबीची साले, रश्श्याचे पाणी, गोळ्यांची रिकामी पाकिटे आणि वापरलेला डायपर होता. शिवाय कुरिअरचे एक पाकीट होते, ज्यावर तक्रारदारांचेच नाव होते. खड्ड्याने वास मारला नव्हता, त्या पिशवीने मारला होता.

घनकचरा व्यवस्थापन नियमांनुसार कचरा प्रकारानुसार वेगळा ठेवण्याची जबाबदारी कचरा करणाऱ्या प्रत्येकाची आहे. आवारातच खत करण्याचे बंधन मोठ्या वसाहतींना आहे, आपल्याला नाही, असे सचिव म्हणाले. बंधन नाही म्हणून चालू असलेले चांगले काम बंद पाडावे, असे मात्र कोणत्याच नियमात लिहिलेले नाही.

मुलुंडकरांना तरी हे सांगावे लागू नये. 2018 मध्ये इथले डम्पिंग ग्राउंड बंद होईपर्यंत आपण खिडक्या लावून झोपत होतो. आज शहराचा बहुतेक कचरा कांजूरमार्गला जातो, आणि तिथल्या दुर्गंधीने भांडुप-विक्रोळीचे रहिवासी हैराण आहेत. देवनारला 1927 पासून कचरा पडतो आहे; जानेवारी 2016 मध्ये तिथे आग लागली, तेव्हा आजूबाजूच्या वस्त्यांनी दिवसेंदिवस धूर सोसला. एका घराला वास नको म्हणून आपल्या भाजीची देठे आता दुसऱ्यांच्या दारात सडणार, हे मला पटत नाही.

याच सभासदांनी गच्चीवरच्या कुंड्या हलवायला लावल्या, ते रोज नळीने गाडी धुतात, आणि मागच्या बदामाचा पाला आपल्या गाडीवर पडतो म्हणून झाड छाटण्याचा अर्जही त्यांचाच आहे. त्यांची प्रत्येक मागणी तातडीने मान्य होते. ब विंगमधील बहुतेक बिऱ्हाडांना हे खटकते. वाईटपणा नको म्हणून ती गप्प आहेत, इतकेच.

तरी लाद्या काढून खड्डा पुन्हा सुरू करावा, मिश्र कचऱ्याची पिशवी ज्याची असेल त्याच्या दाराशी परत ठेवण्याची सूचना सफाई कामगाराला लेखी द्यावी, आणि पाला टाकून कचरा वरखाली करण्याचे काम माझ्याकडे सोपवावे. येत्या मासिक सभेत हे पत्र वाचून इतिवृत्तात नोंदवावे आणि त्याची प्रत संबंधित सभासदांनाही द्यावी, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक सभासद, ब विंग