आवाहन : रविवारच्या संगीतवर्गाला तुमचा हातभार हवा

सप्रेम नमस्कार.

अंबाजोगाईत आपल्या मंडळाची ओळख करून द्यायला नको. तुमच्यातल्या कित्येकांनी आमच्याच सतरंजीवर बसून अलंकार घोटले आहेत. मार्गशीर्षात योगेश्वरीच्या नवरात्रात आपली मुलं गातात, तेव्हा पुढच्या रांगेत तुम्हीच असता. आज लिहितोय ते मात्र रविवारच्या वर्गाबद्दल. तिथे संगणकावर संगीत रचायला शिकवतो, आणि कुणालाही 'तुला जमणार नाही' म्हणत नाही.

या वर्गात एक मुलगी येते. तिचे हात सारखे थरथरतात. तबला शिकायची फार हौस, पण एका ठिकाणाहून तिला दारातूनच परत पाठवलं होतं. आपल्या रेडिओ दुरुस्तीवाल्या काकांनी जुन्या कीबोर्डची पट्टी सोडवून त्या पट्टीला तारा जोडल्या आणि थाळीएवढी दोन बटणं करून दिली. हात कुठेही पडला तरी बटण दाबलं जातं. पडद्यावर ठोक्यांचे १६ खाने असतात, त्रितालाच्या मात्रांइतकेच. तिने पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या खान्यात ठोका भरला. नववा मोकळा सोडला. का गं, विचारलं तर म्हणाली, "तिथं खाली असते ना सर." खाली म्हणजे तालातली टाळी न देता मोकळी सोडायची जागा. खिडकीबाहेर बसून तिने तबल्याचा वर्ग किती दिवस ऐकला असेल!

काकांनी त्या कामाचा एक रुपयाही घेतला नाही. मोंढ्यातल्या अडतवाल्या दादांनी पहिला लॅपटॉप दिला, तोही मुलाचं शिक्षण संपल्यावर पुसून-पासून, पिशवीसकट. भजनी मंडळाच्या ताईंनी भिशीतून स्पीकर घेऊन दिला. एका निवृत्त गुरुजींनी तर पेन्शनचा पहिला हप्ताच आणून ठेवला. ही माणसं नसती तर वर्ग उभाच राहिला नसता.

न दिसणारी मुलं एन.व्ही.डी.ए. वापरतात. २००६ साली मायकल करन या ऑस्ट्रेलियातल्या अंध तरुणाने सुरू केलेली ही प्रणाली पडद्यावरचं सगळं वाचून दाखवते आणि फुकट मिळते. ज्याला ऐकू येत नाही, तो मुलगा स्पीकरच्या खोक्यावर तळहात टेकून बसतो. खर्जाचा ठोका त्याला हातांत कळतो, आणि लय चुकली की सगळ्यांत आधी तोच मान हलवतो.

मागच्या वर्षी वर्गणीला फिरलो, तेव्हा बऱ्याच ठिकाणी ऐकावं लागलं, "तुम्ही डीजे शिकवता ना?" तेवढं बोलून दार लागलं. मिरवणुकीतल्या स्पीकरच्या भिंतींना एका रात्रीत पैसे जमतात आणि या लेकरांच्या हेडफोनला जमत नाहीत, याचं वाईट वाटलं, अजून वाटतं. इलेक्ट्रॉनिक संगीत म्हणजे नुसता दणदणाट नव्हे. १९६९ सालीच अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत मूग सिंथेसायझर, म्हणजे विजेवर आवाज घडवणारं वाद्य, आला होता आणि आपल्या देशातली माणसं त्यावर काम करत होती. आपल्या मुलांनी परवा हलगीचा आवाज मोबाईलवर टिपला, कापला आणि त्यातून नवी चाल बांधली. ती ऐकायला मात्र १० माणसंही आली नाहीत.

सध्या दोनच लॅपटॉप आहेत, एकाची बॅटरी गेली आहे. वीज गेली की मुलांचं अर्धं काम पुसलं जातं. दाराला ३ पायऱ्या आहेत, त्यामुळे चाकाची खुर्ची दर रविवारी चौघं उचलून आत आणतो. त्या मुलाला ते आवडत नाही. तो बोलून दाखवत नाही, पण दिसतं.

हवं ते असं : चालू स्थितीतले ३ लॅपटॉप (जुने चालतील), ६ हेडफोन, इन्व्हर्टर व बॅटरी, दाराशी सिमेंटचा उतार (गवंडी, वाळू, सिमेंट, काहीही), स्पीकरखाली लाकडी फळ्यांचा ओटा. घरी वाजवायचा जुना कीबोर्ड पडून असेल आणि मागे ५ पिनांचं गोल भोक असेल तर टाकू नका. ते मिडीचं, म्हणजे वाद्य आणि संगणक एकमेकांना जोडायच्या पद्धतीचं आहे, १९८३ पासून तेच चालत आलंय, आजच्या संगणकालाही जोडता येतं. रोख किंवा चेक मंडळाच्या नावे, कार्यालयात, संध्याकाळी ६ ते ८. पावती लगेच मिळेल, मागून घ्या. दिवाळीच्या सुट्टीत नवी तुकडी बसवायची आहे, म्हणून दसऱ्यापर्यंत कळवलंत तर बरं. वर्गाला फी नाही, वयाची अट नाही. ओळखीत घरीच बसून असलेलं एखादं मूल असेल तर पैशाआधी त्याला पाठवा.

आपला,
सचिव