चौकशीच्या खिडकीवरच्या काकांना

ती. काकांना साष्टांग नमस्कार.

रविवारी आपल्या पेठेच्या व्हॉट्सॲप गटाची माहिती उघडली तर तुमच्या नावापुढचा ‘ॲडमिन’ हा शब्द नव्हता. फोन केला तेव्हा म्हणालात, “पोरं तयार झालीत, आता मी नुसता मेंबर.” गटावर निरोपाचं एक वाक्यही टाकलं नाहीत. म्हणून हे पत्र मी सगळ्यांसमोर लिहितेय. तुमचं नाव घालत नाही, ते तुम्हाला आवडायचं नाही. कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेत ज्याला कळायचं त्याला कळेल.

2018 च्या उन्हाळ्यात मी हा गट काढला तो नळाला पाणी कधी येतंय हे एकमेकांना कळवायला. साठेक घरं होती. मग ऑगस्ट 2019 आला. पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यावर 43 फुटांची धोका पातळी ओलांडली आणि दोन दिवसांत आमचा गट 256 माणसांवर येऊन अडला. तेव्हा व्हॉट्सॲपवर त्याहून जास्त घेता येत नसत. जामदार क्लबपर्यंत पाणी आलंय का, एवढं एक कळायला दोनशे फोटो वर सरकवायला लागायचे. त्या गोंधळात मी राधानगरी धरणाबद्दलचा एक घाबरवणारा ऑडिओ रात्री अकराला, कुणालाही न विचारता, पुढे ढकलला. आमच्या गल्लीतल्या आजी तो ऐकून अंगावरच्या कपड्यांनिशी घराबाहेर पडल्या, अंधारात पायरीवरून घसरल्या आणि मनगट मोडून घेतलं. काका, त्याबद्दल तुम्ही मला कधीच बोलला नाहीत, पण मी ते विसरलेली नाही.

घाबरून मी फक्त ॲडमिनलाच लिहिता येईल असं करून टाकलं. गट एकदम शांत. दहाच मिनिटांत तुमचा फोन आला. तोवर तुम्ही गटात एक अक्षर लिहिलेलं नव्हतं. सीबीएसवर, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकावर, वाहतूक नियंत्रक होता, चौकशीच्या खिडकीत बसायचा, एवढंच मला ठाऊक. तुम्ही म्हणालात, “पोरी, खिडकी बंद करून नुसता भोंगा चालू ठेवलायस. ज्याच्या दारात पाणी आलंय त्यानं विचारायचं कुणाला?”

त्या रात्री तुम्ही मला गटाचे दोन भाग करायला लावलेत. एक नुसत्या खबरींचा, त्यात आपणच लिहायचं. दुसरा विचारणाऱ्यांचा, तो सगळ्यांना उघडा. तुमच्याकडे शाळेची दोनशे पानी वही होती. आलेल्या प्रत्येक हाकेला तुम्ही नंबर दिलात, वेळ लिहिलीत, आणि माणूस सुखरूप पोचला की तो नंबर गटावर ‘मिटला’ म्हणून जाहीर करायला सांगितलंत. हे आधी माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मिटलेली हाक फिरत राहते, बोट त्याच घराकडे दुसऱ्यांदा जाते आणि पलीकडच्या गल्लीतलं म्हातारं जोडपं माळ्यावर बसून राहतं. फोटो-व्हिडिओ बंद केलेत, कारण वीज नव्हती आणि लोकांच्या मोबाईलमध्ये दहा-पंधरा टक्के चार्जिंग उरलेलं. कुणी काही खबर आणली की तुमचे तीन प्रश्न ठरलेले: कुणी बघितलं, कधी बघितलं, कुठून बघितलं. तिन्हींची उत्तरं नसतील तर ती खबर गटावर जायची नाही. माझा तो ऑडिओ पहिल्याच प्रश्नाला अडला असता.

पूर ओसरल्यावर असले गट दिवाळीच्या शुभेच्छांपर्यंत टिकतात. आपला टिकला, आणि त्याचं कारण मला सांगायचंय.

तुम्हाला आठवत असेल, एक मावशी रोज विचारायच्या, “पाणी कुठवर आलंय?” वर सगळं लिहिलेलं असायचं. एकदा मी वैतागून उत्तर दिलं, “वर बघा की.” तुम्ही गटावर काही बोलला नाहीत. मावशींना पातळी लिहून कळवलीत आणि मग मला फोन केलात. म्हणालात, खिडकीच्या शेजारीच वेळापत्रकाचा बोर्ड असायचा, तरी दिवसाला कितीतरी माणसं विचारायची, गारगोटीची गाडी किती वाजता. “एखाद्याला वाचता येत न्हाई. एखाद्याला येतंय, पण त्याला माणसाच्या तोंडनं ऐकायचं असतंय. शंभराव्याला पण पहिल्यासारखंच सांगायचं.” त्या मावशी पुढे काय झाल्या ते सगळ्यांना माहीत आहे. जुलै 2021 मध्ये पाणी पुन्हा धोका पातळीच्या बरंच वर गेलं, तेव्हा दुधाळीकडच्या घरांची खबर सगळ्यात आधी आणि सगळ्यात नेमकी त्याच देत होत्या, तुमच्या तिन्ही प्रश्नांच्या उत्तरांसकट. मी त्यांना तेव्हाच गप्प केलं असतं तर त्या कधीच बोलल्या नसत्या.

भांडणंही झाली. निवडणुकीच्या वेळी दोन सख्खे शेजारी एकमेकांवर तुटून पडले. मी दोघांनाही काढायला निघाले होते. तुम्ही दोघांना वेगवेगळे फोन केलेत, अर्धा-अर्धा तास. फलाटावर प्रवाशाला सगळ्यांदेखत ओरडलं की गर्दी जमते आणि तो हट्टाला पेटतो, हे तुमचं म्हणणं. दुसऱ्या दिवशी दोघांनी आपापलं लिहिलेलं पुसलं.

ॲडमिन व्हायला कुणी तयार नव्हतं, केस होईल या भीतीनं. मेंबरनं काही आक्षेपार्ह टाकलं, तर दोघांचा मिळून तसा हेतू असल्याशिवाय ॲडमिनला जबाबदार धरता येत नाही, असं 2021 मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं म्हटलं. ती बातमी कापून तुम्ही घरोघरी दाखवलीत. वर सांगितलंत, “कोर्टात जबाबदार न्हाई, पेठेत हाईच.” तरीही आजची दोन पोरं तयार झाली.

आणि ती सकाळी आठची पातळी. जून ते सप्टेंबर, रोज. राजाराम बंधारा इतके फूट इतके इंच, पाण्याखाली बंधारे इतके. पाणी 15 फूट असतानाही, ऊन पडलेलं असतानाही. कशाला रोज, असं मी एकदा विचारलं होतं. आता कळतं. रोज आठला बघायची सवय लागलेली म्हणूनच 39 फुटांच्या इशारा पातळीला लोक आवरायला लागले, 43 ची वाट बघत बसले नाहीत. राधानगरीचे दरवाजे उघडल्याची बातमी आली की तुम्ही दर वर्षी त्याच शब्दांत समजावून सांगायचा: ते सात दरवाजे स्वयंचलित आहेत, कुणी पाणी ‘सोडत’ नाही, दाबानं आपोआप उघडतात आणि पातळी उतरली की आपोआप मिटतात. आमच्या गल्लीतल्या आजी हे आता मला समजावून सांगतात.

काका, एसटीतून निवृत्त झाल्यावर तुम्हाला निवांत बसायचा हक्क होता. महापुरातल्या कित्येक रात्री तुम्ही आमच्यासाठी जागून काढल्यात. काकूंनी त्या रात्रींत तुमच्या शेजारी बसून नंबर खोडले, त्यांचेही आभार मानायचे राहून गेलेत, ते इथे मानते.

वही माझ्याकडे पोचली. मधली कोरी पानं तशीच ठेवलीत. उद्या आठची पातळी मी टाकणार आहे. आकडा चुकला तर नेहमीसारखा फोन करा.