हनुमानाला सुखरूप उडवणाऱ्या दादांस

प्रिय दादा,
सप्रेम नमस्कार.

आमच्या बालनाट्यातला हनुमान समुद्र ओलांडून लंकेत उतरला तेव्हा पोरांनी नाट्यगृह डोक्यावर घेतलं. त्या वेळी तुम्ही विंगेत तारेवर नजर लावून उभे होतात. नाव छापायला तुमची ना आहे, म्हणून निदान हे पत्र तरी सगळ्यांसमोर.

तुम्ही सह्याद्रीतले कडे चढणारे. तरी पहिल्याच भेटीत सांगितलंत, "गिर्यारोहणाचा हार्नेस इथे चालणार नाही." हार्नेस म्हणजे दोराला लटकण्यासाठी अंगाला आवळायचे पट्टे. गिर्यारोहणाच्या हार्नेसची दोर जोडायची जागा पोटासमोर असते, लटकलं की माणूस बसल्यासारखा होतो. आडवं झेपावायचं तर कमरेच्या दोन्ही बाजूंना तार हवी. मग वायरवर्क करणारा, म्हणजे नटांना तारेवर उडवणारा, जाणकार मुंबईहून तुम्हीच बोलावलात. आपलं ज्ञान कुठे संपतं हे इतक्या सरळपणे सांगणारी माणसं मी फार थोडी पाहिली आहेत. लाइटच्या बारला पुली लावायला तुम्ही साफ नकार दिलात. इंजिनिअरने वरची तुळई तपासून होकार दिल्यावरच काम सुरू झालं, आणि आधी उडाली ती वाळूची पोती. कॅराबिनरवर, म्हणजे तार अडकवायच्या धातूच्या कडीवर, कोरलेलं '२२ केएन' (किलोन्यूटन) म्हणजे साधारण सव्वादोन हजार किलो भार पेलायची ताकद, हे तेव्हा कळलं. एका माणसासाठी एवढं कशाला, तर झोक्यात आणि अचानक थांबताना तारेवरचा ताण वजनाच्या कितीतरी वर जातो. म्हणून निदान दहापट ताकद हाताशी ठेवायची.

पण माझं खरं देणं वेगळंच आहे. हार्नेस घातलेल्या अंगावरच मापं घ्यायची, हे तुम्ही मला शिकवलंत. मांड्यांचे पट्टे आवळले की धोतराचा सगळा घेर बदलतो. शेला तारेत अडकू नये म्हणून आपण तो अंगालगत टाचला, गदेला मनगटाशी दोरी बांधली. आणि कमरेपाशी दोन्हीकडे वेल्क्रोची झडप ठेवली, आतलं बकल उघडून पाहता यावं म्हणून. "ताई, डोळ्यांना न दिसणारं बकल लागलंय असं धरायचं नाही," हे तुमचं वाक्य. तिसऱ्या घंटेआधी तुम्ही तपासायचं, मग मी बोट घालून तपासायचं. माझं समाधान झालं नाही तर उड्डाण रद्द, दिग्दर्शकानेही मध्ये बोलायचं नाही, हे तुम्ही सगळ्यांदेखत ठरवलंत. इतकी वर्षं मी नाटकांचे कपडे शिवते आहे, पण एवढा विश्वास माझ्यावर कुणी टाकला नव्हता.

हनुमानाची आई प्रयोगानंतर मला मिठी मारून रडली. त्या मिठीवर तुमचा हक्क मोठा आहे, म्हणून इथे लिहिते.

कपड्यांचे कागदी बेत जपून ठेवले आहेत. कुठल्याही हौशी संस्थेला आनंदाने देईन, मात्र तार सांभाळायला जाणता माणूस असेल तरच.

मनापासून आभार, दादा.

तुमची,
वेशभूषेवाली ताई