नाचणीच्या बिस्किटात गूळ किती, हे ॲपने आधी सांगावे

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

छोट्या खाद्यउद्योगांवरचे लेख आपल्या वृत्तपत्राच्या पुरवणीत मी आवर्जून वाचते. ‘आता आमचे स्वतःचे ॲप आहे’ हे वाक्य अशा लेखांत अलीकडे वारंवार भेटते, आणि ते अभिमानाने सांगितलेले असते, हेही योग्यच आहे. मोबाइल ॲपच्या पडद्यांची रचना करणे हा गेली अकरा वर्षे माझा व्यवसाय आहे. गेल्या वर्षी कोथरूडमधल्या एका छोट्या बेकरीचे ऑर्डर घेण्याचे ॲप तयार करताना मी पहिल्या दिवसापासून त्या कामात होते. ही बेकरी मैदा आणि वनस्पती तूप न वापरता नाचणी, ज्वारी, राजगिरा यांची बिस्किटे, केक आणि ब्रेड करते. त्या कामात एक गोष्ट मला फार उशिरा समजली. ती ॲप करू पाहणाऱ्या इतर बेकरीचालकांना आणि ॲप करून देणाऱ्या माझ्या व्यवसायबंधूंना वेळेवर समजावी, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

ॲप येण्यापूर्वी बेकरीच्या ऑर्डर व्हॉट्सॲपवर येत आणि तिथून वहीत उतरवल्या जात. बेकरी चालवणाऱ्या ताई आणि त्यांच्या जाऊबाई पहाटे पाचपासून ओव्हनपाशी असतात, त्यामुळे निरोप वाचायला दुपार उजाडे. दिवाळीच्या आठवड्यात एकाच ग्राहकाची ऑर्डर दोनदा लिहिली जाई आणि दुसऱ्याची राहून जाई. ॲप हवे होते ते एवढ्याचसाठी. पण मी ते जुने निरोप वाचायला घेतले, तेव्हा त्यांत ऑर्डरींच्या बरोबरीने प्रश्न दिसले. यात गूळ आहे की साखर? अंडे आहे का? राजगिऱ्याचे बिस्किट उपवासाला चालेल का, म्हणजे त्यात बेकिंग पावडर आणि साधे मीठ आहे का? मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, तर कोणते पाकीट घेऊ? हे प्रश्न मी वाचले, वहीत टिपलेही, आणि तरीही पहिला आराखडा करताना बाजूला ठेवले. मोठी सुंदर छायाचित्रे, त्यांच्या कोपऱ्यात ‘हेल्दी’, ‘डाएट’, ‘शुगर-फ्री’ अशा हिरव्या चिठ्ठ्या आणि खाली ऑर्डरचे बटण, असा तो आराखडा होता. या क्षेत्रात बहुतेक ॲप असेच दिसते.

तो आराखडा आम्ही बेकरीच्या सात नेहमीच्या ग्राहकांच्या हातात दिला. त्यांत सत्तरी ओलांडलेले एक निवृत्त शिक्षक होते. बारा वर्षांपासून त्यांना मधुमेह आहे. त्यांनी नाचणीच्या बिस्किटाचे पान उघडले, वरखाली सरकवून पाहिले आणि मला विचारले, “अहो, चित्र छान आहे, पण यात गूळ किती ते कुठे बघायचं?” ते कुठेच लिहिलेले नव्हते. ताई शेजारीच उभ्या होत्या. त्या लगेच म्हणाल्या, “सर, एका बिस्किटाला चार ग्रॅम धरा.” गल्ल्यावर उभे राहून जे उत्तर एका क्षणात मिळत होते, ते मी केलेल्या ॲपने ग्राहकाकडून काढून घेतले होते. त्या दिवशी आम्ही तो आराखडा बाजूला ठेवला.

माझ्या लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत घरोघरी बिस्किटे आणि नानकटाई करून आणायची पद्धत होती. रवा, पीठ, पिठीसाखर आणि तूप घरून मोजून डब्यात न्यायचे, बेकरीवाल्याला भाजणावळ द्यायची आणि गरम बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन घरी यायचे. बिस्किटात काय आहे हे आईला कुणाला विचारावे लागत नव्हते, कारण ते तिनेच मोजून दिलेले असे. पुढे तयार पाकिटे आली आणि ही माहिती पाकिटामागच्या बारीक अक्षरांत गेली. मोबाइलवर विकत घेताना तर पाकीट उलटून पाहण्याचीही सोय उरत नाही. ग्राहक आणि जिन्नस यांच्यामध्ये तेवढाच एक पडदा असतो, म्हणून त्या पडद्याची जबाबदारी दुकानाच्या फळीपेक्षा मोठी आहे असे मला वाटते.

ही जबाबदारी केवळ सौजन्याची नाही. अन्नपदार्थांच्या लेबलाविषयीच्या २०२० च्या नियमांनुसार, पॅकबंद पदार्थ ऑनलाइन विकताना लेबलावरची बंधनकारक माहिती ग्राहकाला विक्रीपूर्वी मिळाली पाहिजे. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात, आणि ग्लूटेन (गव्हासारख्या धान्यातले चिकट प्रथिन) असलेली धान्ये, दूध, अंडी, शेंगदाणे, सुकामेवा, सोयाबीन असे ॲलर्जीकारक घटक स्वतंत्रपणे सांगावे लागतात. ज्या घटकाच्या नावावर किंवा चित्रावर पदार्थ विकायचा, त्याचे प्रमाण टक्क्यांत देण्याची तरतूदही याच नियमांत आहे. पदार्थाविषयीच्या दाव्यांचे २०१८ चे नियम त्याहून नेमके आहेत. ‘शुगर-फ्री’ म्हणायचे तर १०० ग्रॅममध्ये अर्ध्या ग्रॅमहून अधिक साखर चालत नाही. ‘साखर घातलेली नाही’ असे लिहायचे तर मध चालत नाही, आणि साखरेच्या जागी सुक्या फळांचा लगदा घालून ती अट पूर्ण होत नाही. खजुराच्या लगद्याने गोड केलेल्या केकवर मी स्वतःच्या हाताने ‘शुगर-फ्री’ ही चिठ्ठी लावली होती. ती लावताना मला हे नियम माहीत नव्हते, आणि ताईंनाही कुणी सांगितलेले नव्हते.

गुळाविषयी थोडे अधिक लिहिते, कारण सर्वांत जास्त गैरसमज तिथेच आहे. साखरेऐवजी गूळ घातला की पदार्थ मधुमेहींना चालतो, असे मानणारी माणसे मला या कामात सतत भेटली. गुळात काही खनिजे असतात हे खरे, पण त्याचा बहुतांश भाग साखरच असतो, आणि ऊर्जेच्या दृष्टीने तो साखरेच्या थोडाच खाली येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनेनुसार वरून घातलेल्या साखरेतून मिळणारी ऊर्जा दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी असावी, आणि ती ५ टक्क्यांखाली आणता आली तर अधिक बरे. दिवसाला २००० किलोकॅलरी घेणाऱ्या माणसासाठी ही ५ टक्क्यांची मर्यादा सुमारे २५ ग्रॅम होते. चहाबरोबर चार बिस्किटे खाल्ली तर ताईंच्या हिशेबाने १६ ग्रॅम गूळ पोटात जातो. हा आकडा समोर असता तर सरांनी दोन बिस्किटे खाल्ली असती किंवा चार खाऊन रात्रीचे गोड टाळले असते. निर्णय त्यांचा आहे, पण तो घ्यायला आकडा हवा. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासाने भारतातल्या मधुमेहींची संख्या १० कोटी १० लाख असल्याचा अंदाज दिला आहे. पौष्टिक खाऊच्या बेकरीत येणाऱ्यांत अशी माणसे अर्थातच पुष्कळ असतात.

नाचणीचे गुण खोटे नाहीत. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांत नाचणीत दर १०० ग्रॅमला सुमारे ३६४ मिलिग्रॅम कॅल्शियम दिले आहे, आणि हे प्रमाण गहू-तांदळाच्या कितीतरी पट आहे. २०२३ हे आंतरराष्ट्रीय पौष्टिक तृणधान्य वर्ष साजरे झाले, त्यानंतर बाजारात प्रत्येक पदार्थाला नाचणीचे नाव लागू लागले. मात्र नाचणीत ग्लूटेन नसते, आणि यीस्टचा वायू धरून ब्रेडला फुगवते ते ग्लूटेनच. म्हणून ‘नाचणी ब्रेड’ म्हणून जो मिळतो, त्यात सहसा गव्हाचे पीठ मोठ्या प्रमाणात असते. या बेकरीच्या ब्रेडमध्ये नाचणी ३० टक्के आहे आणि उरलेले पीठ अख्ख्या गव्हाचे आहे. हे पानावर लिहायला ताई आधी कचरत होत्या, गिऱ्हाईक नाराज होईल म्हणून. मग त्यांनीच विचार करून सांगितले की लिहा, आणि शेजारी हेही लिहा की ज्यांना गहू चालत नाही त्यांनी आमची ज्वारीची बिस्किटेही घेऊ नयेत, कारण पीठ एकाच यंत्रात मळले जाते. १० लिटरच्या एकाच मिक्सरवर चालणाऱ्या बेकरीला ‘ग्लूटेन-फ्री’ हा शब्द परवडत नाही, हे त्यांना माझ्याआधी कळले. मला त्यांच्याविषयी सर्वांत अधिक आदर वाटला तो त्या दिवशी.

आता पदार्थाच्या पानावर नावाखाली पहिल्या ओळीत पिठांचे प्रमाण येते. दुसऱ्या ओळीत गोडी कशाची आणि एका नगात किती ग्रॅम, तिसऱ्या ओळीत तूप, लोणी की तेल, चौथ्या ओळीत ॲलर्जीकारक घटक, आणि छायाचित्र त्यानंतर. नियम १०० ग्रॅमचा आकडा मागतात आणि तोही दिला आहे, पण माणसे बिस्किटे तोलून खात नाहीत, मोजून खातात, म्हणून नगाचा आकडा वर ठेवला. भारतीय नियमांनुसार अंडे घातलेल्या पदार्थाला मांसाहाराचे चिन्ह लागते. ते चिन्ह आता तपकिरी त्रिकोण आहे, त्यामुळे रंग नीट न ओळखणाऱ्यालाही आकारावरून कळते. अन्नसुरक्षा नोंदणीचा १४ अंकी क्रमांक पहिल्याच पडद्यावर आहे.

भाषेचे काम मला वाटले होते त्याहून कितीतरी मोठे निघाले. एकाच धान्याला कुणी नाचणी म्हणते, नाशिककडचे ग्राहक नागली म्हणतात, बंगळुरूहून आलेली मुले रागी शोधतात, आणि तिघेही बहुधा रोमन लिपीत टाइप करतात. या सगळ्या रूपांनी शोध लागला पाहिजे. इंग्रजी अक्षरांसाठी आखलेल्या बटणात मराठी मजकूर घातला की वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार कापले जातात. फोनवर अक्षर मोठे करून ठेवलेल्या सरांना तर ऑर्डरचे बटण पडद्याबाहेर गेल्यामुळे दिसतच नव्हते. बेकरीच्या ॲपना आवडणारी फिक्या पार्श्वभूमीवरची फिकी तपकिरी अक्षरे दुपारच्या उन्हात वाचता येत नाहीत. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक किमान ४.५ ला १ असावा, असा जगभर मान्य असलेला निकष आहे, आणि तो पाळायला एक रुपयाही जास्त लागत नाही.

ओव्हनलाही मर्यादा आहेत. एका वेळी सहा ट्रे बसतात, एवढीच या बेकरीची क्षमता आहे, आणि ॲपने त्याहून अधिक ऑर्डर घेतल्या तर कुणाला तरी नाही म्हणावे लागते. म्हणून आदल्या संध्याकाळी सहापर्यंतच ऑर्डर घेतली जाते आणि ‘उद्यासाठी १२ पाकिटे शिल्लक’ असा आकडा दिसतो. तो खरा असतो. असाच आकडा खोटा दाखवून ग्राहकाला घाई करायला लावणे हे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अधिसूचित केलेल्या फसव्या रचनांच्या १३ प्रकारांत मोडते. न मागितलेली वस्तू टोपलीत सरकवणे आणि शेवटच्या पायरीवर किंमत वाढवणे हेही त्याच यादीत आहे. आम्हाला तयार मिळालेल्या ऑर्डर-सांगाड्यात घाईची उलटी मोजणी आधीपासून बसवलेली होती. ती काढून टाकायला दोन दिवस गेले.

बेकरीच्या बाजूचा पडदा सर्वांत साधा आहे आणि मला तोच सर्वांत आवडतो. पिठाने माखलेल्या हातांना फोनला हात लावता येत नाही, म्हणून रात्री आठ वाजता सगळ्या ऑर्डरींची बेरीज होते आणि नाचणी बिस्किटे अमुक ट्रे, ज्वारी अमुक ट्रे, ब्रेड इतके, एवढाच कागद मोठ्या अक्षरांत छापून भिंतीवर लागतो. कुणाची ऑर्डर किती, हे पाकिटे भरतानाच पाहिले जाते.

ग्राहकाला मधुमेह आहे का, हे विचारणारा रकाना मी पहिल्या आराखड्यात ठेवला होता. तोही काढला. बेकरीने आपले घटक सांगावेत, ग्राहकाने आपला आजार सांगण्याची गरज नाही. विदा (डेटा) संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला आहे, पण कायदा नसता तरी दोन पाकिटे बिस्किटांसाठी कुणाच्या आजाराची नोंद ठेवणे मला पटले नसते. नाव, फोन क्रमांक आणि पाकिटे दुकानातून नेणार की घरी हवीत, एवढेच आता विचारले जाते. पैसे यूपीआयने किंवा दुकानात रोखीने देता येतात.

या पत्राच्या निमित्ताने राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाला माझी विनंती आहे की, छोट्या बेकरीचालकांसाठी लेबलाचे आणि ऑनलाइन विक्रीचे नियम उदाहरणांसह सोप्या मराठीत एका पत्रकात द्यावेत आणि नोंदणी करतानाच ते हाती द्यावे. ॲप-रचना शिकवणाऱ्या संस्थांनाही एक सांगायचे आहे. छोट्या दुकानाचे ऑर्डर-ॲप हा विद्यार्थ्यांच्या सरावाचा आवडता विषय असतो, आणि ते बहुधा काल्पनिक दुकानासाठी काल्पनिक ग्राहक कल्पून केले जाते. त्याऐवजी विद्यार्थ्यांना आठवडाभर सकाळी एखाद्या खऱ्या बेकरीच्या गल्ल्यापाशी उभे राहू द्यावे आणि ग्राहक काय विचारतात ते लिहून घ्यायला सांगावे. आम्ही पदार्थाच्या पानाचा जो मराठी नमुना तयार केला आहे, तो ज्या बेकरीचालकांना हवा असेल त्यांना ताई विनामूल्य देणार आहेत. आपल्या पुरवणीत जागा देता आली तर छापण्यासाठी तो मी आपल्याकडे पाठवीन.

आपली विश्वासू,
एक वाचक, पुणे